साठच्या पुढे वाजणारी शिट्टी

शिट्टी वाजायची ती ताशी साठच्या पुढे. एकोणसाठपर्यंत गाडी परीक्षेच्या वर्गासारखी गप्प. काटा साठावर टेकला रे टेकला की कुठूनतरी बारीक, लांबलचक, पुढचे दोन दात पडलेल्या माणसाने आळवावी तशी शिट्टी सुरू व्हायची. सीऽऽऽ! दुसरा कोणी असता तर त्याने रेडिओ मोठा केला असता, काच खाली घेतली असती आणि विषय संपवला असता. पण गाडी कानसेनची होती.

कानसेन हे त्याचं खरं नाव नव्हे. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि महिन्यातून एकदाच बाहेर यायचं. टेबलफॅनच्या कारखान्यात तो कानाने पंखे तपासायचा. चारही भिंतींना गाद्या ठोकलेली एक खोली, तीत एक टेबल, एक स्टूल आणि एकटा कानसेन. पंखा सुरू करायचा, लाकडी काठीचं एक टोक मोटरीला आणि दुसरं कानामागच्या हाडाला लावायचं, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. आवाजांना त्याने स्वतःची नावं ठेवली होती. बेअरिंग कोरडं असलं की ‘किरकिऱ्या’. पातं तिरकं असलं की ‘लंगडा’. मोटर नुसतीच गुणगुणत राहिली की ‘मामेसासरे’, कारण तेही स्पष्ट काही बोलत नसत आणि थांबतही नसत. खोटं वाटेल, पण एकदा त्याने न लावलेल्या पंख्याचा दोष ओळखला होता. नुसता हात फिरवून म्हणाला, “हा सुरू व्हायला कुरकुर करणार.” पंखा आजतागायत सुरू झालेला नाही.

तर अशा माणसाने गाडी घेतली ती सव्वीस वर्षांची, लाल, शर्यतीच्या गाडीसारखी बुटकी. इतकी बुटकी की तिच्यात बसत नाहीत, स्वतःला ओतून घेतात. ती का घेतली, घरात चार माणसं असताना दोनच सीटची का घेतली, हे सगळं त्याच्या बायकोने विचारून झालेलं आहे, आपण पुन्हा विचारायचं कारण नाही. समाधानकारक उत्तर न मिळाल्यामुळे तिने जाहीर केलं होतं, “मी काही त्या डब्यात पाय ठेवणार नाही.” दोन महिने ती शब्दाला जागली होती.

शेजाऱ्याच्या गाडीत बिघाड झाला की माणसाच्या चेहऱ्यावर जो तजेला येतो तो कुठल्याही टॉनिकने येत नाही. वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर तर शिट्टीचं कळल्याबरोबर चप्पल न घालता खाली आले.

“वारा घुसतोय,” ते म्हणाले. “सोपी परीक्षा आहे. दारात कागद धरायचा, दार लावायचं, कागद ओढायचा. सुटला तर तिथे फट. अडकला तर रबर ठीक.”

दोघांनी दोन्ही दारांच्या कडेने बेचाळीस ठिकाणी कागद धरला. बेचाळीस ठिकाणी अडकला. एका ठिकाणी तर इतका अडकला की अर्धा दारातच राहिला आणि तो कागद म्हणजे घरपट्टीची पावती निघाली.

“चला, प्रत्यक्ष ऐकू,” हेडमास्तर म्हणाले आणि शेजारच्या सीटवर स्वतःला ओतून बसले.

गावाबाहेरच्या रस्त्यावर कानसेनने गाडी साठला नेली, सत्तरला नेली, एका वळणावर पंचाहत्तरलाही. शिट्टी नाही! हेडमास्तरांना नाही आणि कानसेनलाही नाही. परत आल्यावर हेडमास्तर खाली उतरले आणि हाताची बोटं एकेक करून सरळ करत उभे राहिले. वयोमानाने सांधे धरतात, कानसेनला वाटलं.

दुसऱ्या दिवशी कामाला एकटा निघाला. साठ. सीऽऽऽ!

मग गॅरेजचा मिस्त्री झाला. त्याने बॉनेट उघडलं, आरसे हलवले, वायपर उचलून पाहिले, काचेची रबरं चिमटली आणि शेवटी फेरी मारायला बसला. सत्तरला गेले, ऐंशीला गेले. गाडी चिडीचूप.

“गाडीत काही नाही,” खाली उतरून मिस्त्री म्हणाला. त्याचा आवाज थोडा चिरकला होता.

“मग शिट्टी कसली?”

मिस्त्रीने कानसेनच्या दोन्ही कानांकडे आळीपाळीने पाहिलं, झिजलेल्या टायरकडे पाहतात तसं. “कान कधी दाखवलेत का?”

मग झाला मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ. जगात असं एक काम नाही जे त्याने एकदा अर्धवट केलेलं नाही. तो बागेला पाणी घालायच्या नळीचा हातभर तुकडा घेऊन आला. एक टोक कानात, दुसरं टोक हातात धरून तो दाराच्या कडेने फिरवणार होता. “भावोजी, फट सापडली की नळीतून थेट मेंदूत शिट्टी येते.” फेरी झाली. मेहुण्याच्या मेंदूत काही आलं नाही. अर्ध्या वाटेत नळी मात्र कुठेशी पडली. का पडली ते त्याने सांगितलं नाही.

आता जरा कानसेनच्या जागी बसून पाहा. एकटा असला की शिट्टी. शेजारी माणूस बसला की शांतता. हेडमास्तरांना त्याने हे सांगितलं तेव्हा ते फक्त “हं” म्हणाले. पस्तीस वर्षं मुलांच्या खोट्या रजाचिठ्ठ्या वाचलेल्या माणसाचा तो ‘हं’ होता.

“हे बघा, वाईट वाटून घेऊ नका,” ते म्हणाले. “एकटं असताना ऐकू येणाऱ्या गोष्टी गाडीच्या नसतात.”

कानसेन त्या रात्री कूस बदलत राहिला आणि सकाळी उठला तो शास्त्रीय पद्धतीने जायचं ठरवून. गाडीच्या झाडून सगळ्या फटी कागदी चिकटपट्टीने बंद करायच्या, प्रत्येक पट्टीला नंबर द्यायचा आणि एकेक काढत फेऱ्या मारायच्या. ज्या नंबरला शिट्टी येईल तो चोर. पद्धतीत खोट काढायला जागा नव्हती. खोट होती ती हेडमास्तरांच्या उत्साहात. कानसेन आत बसल्यावर त्याचं दार बाहेरून चिकटवायचं काम त्यांनी घेतलं. ते झालं, तरी अर्धी गुंडाळी उरली, म्हणून त्यांनी नंबरप्लेटही चारी बाजूंनी आणि मग मधूनही चिकटवून टाकली. “फट ती फट,” म्हणाले.

एक ते त्रेचाळीस नंबरांच्या पट्ट्या लावलेली, पार्सलसारखी दिसणारी गाडी घेऊन कानसेन निघाला. काटा बावन्नवर होता. आणखी आठ, आणि सत्य समोर येणार! तेवढ्यात समोर हवालदार आला.

“उतरा खाली.”

“उतरता येत नाही.”

“का?”

“मला बाहेरून चिकटवलंय.”

हवालदाराने नोकरीत बरीच उत्तरं ऐकली असतील, पण या उत्तरावर तो बसायला जागा शोधू लागला. नंबर दिसत नाही म्हटल्यावर गाडी चोरीची असावी, चोरीची असेल तर चोर आत चिकटवलेला कसा, या गुंत्यात न पडता त्याने पुढचा मार्ग धरला आणि गाडी कानसेनसकट थेट वाहन कार्यालयात पाठवली.

तिथल्या कारकुनाने खिडकीतून एकदा गाडीकडे आणि एकदा कागदाकडे पाहिलं. “कागदावर गाडी लाल आहे. बाहेर गाडी तपकिरी आहे.”

“ती चिकटपट्टी आहे हो!”

“पट्टीला रंग आहे ना? रंगबदलाची परवानगी घेतलीत?”

“मी आता काढून टाकतो.”

“तपकिरीची लाल करणार? मग तो वेगळा अर्ज. आधी तपकिरी मंजूर होऊ दे.”

कानसेनने हात जोडले, आवाज चढवला, पुन्हा हात जोडले. शेवटी वरच्या साहेबांनी तोडगा काढला: सगळ्या पट्ट्या इथेच, आत्ता, आवारात काढायच्या आणि ‘यापुढे वाहनाच्या बाह्यांगावर कोणतीही वस्तू चिकटवणार नाही’ असं लिहून द्यायचं. रांगेत कंटाळलेली पंधरा-वीस माणसं हौसेने मदतीला धावली. दोन मिनिटांत एक ते त्रेचाळीस नंबरांचा एकच मोठा गोळा झाला. कानसेनने हमीपत्रावर सही केली आणि घरी निघाला. साठला शिट्टी वाजली. त्याला ती या वेळी जरा जास्तच खुशीत वाटली.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. पण बातमीला पाय असतात आणि कानसेनच्या बातमीला तर चार चाकं होती. “कानसेनला एकटं असलं की शिट्ट्या ऐकू येतात” हे कारखान्यात कळलं आणि मुख्य म्हणजे कानसेनलाही ते पटायला लागलं. गादीच्या खोलीत तो एकटाच असायचा. काठी कानाला लावली की मनात येई, हे पंख्याचं की माझं? बारीक ‘सी’ आल्यासारखी वाटली की पंखा नापास. एका दिवसात चाळीसांपैकी अडतीस पंखे त्याने परत पाठवले. उरलेले दोन त्याने जेवणाच्या सुट्टीत चुकून पास केले होते.

साहेबांनी बोलावलं. साहेब माणूस वाईट नव्हता, फक्त हिशेबी बोलायचा.

“तुम्हाला कमी ऐकू येत असतं तर मार्ग होता. यंत्र दिलं असतं. पण तुम्हाला नसलेलं ऐकू येतंय. त्यावर यंत्र निघालेलं नाही.”

“साहेब, वीस वर्षांत एक पंखा परत आला नाही माझा.”

“म्हणून तर विचारतोय. डॉक्टरांना कान दाखवा. नाही जमलं तर एक तारखेपासून पॅकिंग.”

पॅकिंग! तिथे दिवसभर खोक्यांवर चिकटपट्टी मारायची. कान लागत नाहीत, अंगठा लागतो. आणि कानसेनचं नाव, मान, छाती काढून चालणं, सगळं त्या दोन कानांवर उभं होतं. ते गेले तर उरणार कोण? एक बुटक्या गाडीचा मालक.

घरी त्याने जेवताना कसंबसं सांगितलं. बायकोने ऐकून घेतलं. पानातलं संपवलं, हात धुतले, पुसले.

“उद्या डॉक्टरकडे मीपण येते.”

“त्या गाडीतून?”

“मग काय, तुम्ही गाडीत आणि मी मागून पळत? माझं शिलाई मशीनही टाकायचंय दुरुस्तीला. वाटेतच आहे.”

दोन महिन्यांची शपथ तिने अशी मोडली, जसं काही दोरा तोडतेय. सकाळी मशीनचं लोखंडी डोकं मांडीवर घेऊन, त्याला दोन्ही हातांनी कवटाळून ती शेजारी बसली. कानसेनला भरून आलं, पण भरून आल्यावरही तो जरा जोरातच चालवायचा. एका टँकरला त्याने असं ओलांडलं की टँकरवाला गाडी कडेला घेऊन पाणी प्यायला.

काटा साठवर गेला. सीऽऽऽ!

म्हणजे आता शेजारी माणूस असतानाही! रोग बळावला. पॅकिंग नक्की, कदाचित त्याच्याही पुढचं काहीतरी. कानसेनने ओठ मिटले, डोळे रस्त्यावर रोवले आणि ठरवलं, हिला काही सांगायचं नाही. बिचारीला डॉक्टरच काय ते सांगतील.

“अहो,” बायको म्हणाली, “ही शिट्टी कसली वाजतेय मघापासून?”

गाडी जिथे थांबली तिथून मागे वीस पावलं काळे पट्टे उमटले होते.

“तुला ऐकू येतेय?”

“मी काय बहिरी आहे?”

“पुन्हा म्हण.”

“काय म्हणू?”

“ऐकू येतेय म्हण!”

“येतेय हो, येतेय! चहाच्या किटलीसारखी वाजतेय. आणि असं थांबवणार असाल तर आधी सांगत जा, हे धूड माझ्या पायावर पडलं असतं.”

कानसेनने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. डोळ्यांतून पाणी आलं ते त्याने येऊ दिलं. शेजारी बसलेल्या जिवंत माणसाने ती ऐकली होती! गाडी खराब होती. गाडी चांगली खराब होती. इतका आनंद त्याला गाडी घेतानाही झाला नव्हता.

मशीन बायकोच्या पायाशी ठेवून पुन्हा निघाले. साठ. सत्तर. काही नाही.

“गेली?” कानसेन ओरडला. “आत्ता तर होती! तू काय केलंस?”

“मी कुठे काय केलं? नुसतं धरलंय.”

“काय धरलंयस?”

“दार.”

त्याने वळून पाहिलं. बायकोने दाराचं हँडल दोन्ही हातांनी छातीशी ओढून धरलं होतं आणि तिच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती.

“पुढे बघा आधी!” ती ओरडली.

“का धरलंयस?”

“मघाशी त्या टँकरच्या वेळी धरायला हात मोकळे नव्हते म्हणून. आता आहेत!”

“सोड.”

“नाही सोडणार.”

“अगं, माझ्या नोकरीसाठी एकदा सोड!”

तिने डोळे घट्ट मिटले आणि हात सोडले. सीऽऽऽ! धरले. शांतता. सोडले. सीऽऽऽ! मग दोघांना हसू फुटलं आणि पुढचे दोन किलोमीटर नवरा-बायकोंनी मिळून ते दार बासरीसारखं वाजवलं.

गोष्ट एवढीच होती. उभ्या गाडीत दार घट्ट बसायचं, म्हणून कागद अडकायचा. वेग आला की बाहेरचा वारा दाराची वरची कड नखभर बाहेर खेचायचा आणि त्या नखभर फटीतून शिट्टी. आतून कोणी जीव मुठीत धरून हँडल ओढलं की फट बंद. आणि कानसेनच्या शेजारी बसून जीव मुठीत न धरणारा माणूस आजवर भेटलाच नव्हता.

डॉक्टरांनी दोन्ही कान उत्तम असल्याचा कागद दिला. येताना कानसेन एकेकाला गाठत आला.

“हो, धरलं होतं,” हेडमास्तर म्हणाले. “विद्यार्थ्यांना सांगू नका.”

“भावोजी,” मेहुणा म्हणाला, “ते दार होतं म्हणून दार धरलं. नाहीतर तुमचा गळा धरला असता.”

मिस्त्री तर चावी-पाना घेऊनच उठला. “अहो, मग पाच मिनिटांचं काम! वरून दार अर्धं सूत आत घेतो.”

“खबरदार!” कानसेन गाडीपुढे आडवा झाला. “एका स्क्रूला हात लावायचा नाही. पुरावा आहे तो!”

दोन महिने जिच्या जिवावर उठला होता ती शिट्टी आता तो जपत होता. सकाळी कामावर जाताना आधी साठला नेऊन ती वाजतेय ना, याची खात्री करून घेई.

साहेबांनी डॉक्टरांचा कागद वाचला आणि बाजूला ठेवला. “कान चांगले आहेत, मान्य. पण माझा प्रश्न वेगळा होता. शिट्टी खरी आहे कशावरून? तुमच्या मंडळींची साक्ष मी कशी धरू?”

“साहेब, तुम्ही स्वतः बसा. एकच अट. दाराला हात लावायचा नाही.”

“मी का लावीन?” साहेब हसले आणि स्वतःला ओतून बसले.

पहिल्या वळणावर साहेबांचा हात दाराकडे गेला. “साहेब, हात!” कानसेन म्हणाला. दुसऱ्या वळणावर पुन्हा गेला. शेवटी साहेबांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. समोर वाळूचा ट्रक होता, त्याच्या पलीकडून बस येत होती आणि कानसेनच्या मते मधल्या जागेतून हत्तीसुद्धा गेला असता. काटा साठवर गेला.

सीऽऽऽ!

“ऐकली!” साहेब ओरडले. “ऐकली! स्वच्छ ऐकली! खरी आहे! आता थांबवा!”

“नीट ऐका साहेब, सत्तरला जरा वरच्या सुरात...”

“सत्तर नको! मी लिहून देतो! आत्ता लिहून देतो!”

आणि खरंच त्यांनी रस्त्याच्या कडेला गाडीच्या टपावर कागद ठेवून तिथल्या तिथे लिहून दिलं. अक्षर थोडं हललं होतं. सही करून ते म्हणाले, “तुम्ही व्हा पुढे, मला चालायची सवय आहे.” कारखाना तिथून सहा किलोमीटर होता.

कानसेन तिथून थेट मिस्त्रीकडे गेला. मिस्त्रीने पाच मिनिटांत दार अर्धं सूत आत घेतलं. परतीच्या वाटेवर साठ आले, सत्तर आले आणि गाडीत नुसतं इंजिनचं घुमणं राहिलं. कानसेन एकटाच होता आणि कसलीही शिट्टी ऐकू येत नव्हती. त्याने मोठा श्वास सोडला. छातीत दोन महिने अडकून बसलेलं काहीतरी त्या श्वासाबरोबर निघून गेलं.

घरी आल्यावर त्याने साहेबांचा कागद उजेडात धरून बायकोला खणखणीत आवाजात वाचून दाखवला.

“‘तपासनीसाचे कान निर्दोष आहेत. त्यांना त्यांच्या जागी कायम ठेवावे. मी स्वतः गाडीत बसून खात्री केली आहे. पुन्हा खात्री करण्याची आवश्यकता नाही. कोणीही करू नये.’”

बायकोने कागद हातात घेतला, एकदा मनाशी वाचला. “पहिल्या दोन वाक्यांना चांगली चौकट करून भिंतीवर लावू या.”

“आणि पुढची?”

“ती लायसन्सला टाचून ठेवा.”